तिसऱ्या वर्षीचं मूळ

बाबा,

तुमचा आत्ताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. आईला घरी आणायला जातेय. डॉक्टर म्हणाले, आता दवाखान्यात ठेवून उपयोग नाही. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

तिने भिजवायला सांगितलेलं ज्येष्ठमधाचं बी फुगलं. ते मी खोल कुंडीत पेरलंय. जे फुगलं नाही, ते पॉलिश पेपरवर हलकेच घासून पुन्हा भिजवा. त्याचं साल फार कठीण असतं. पाणी बेतानेच घाला. तुमचा हात सढळ, बी कुजेल.

काल मी तिला म्हटलं, "आई, याची मुळं तीन वर्षांनी मिळतात गं." तर म्हणाली, "ठाऊक आहे, शहाणे. दर हिवाळ्यात खोकून घर डोक्यावर कोण घेतं? मी का?"

थंडीत झाड वरून वाळेल. मेलं समजून उपटू नका.

कुंडी तिच्या पलंगावरून दिसेल अशी ठेवा. मुळं कधी खणणार, असं ती तुम्हाला विचारेलच. "तिसऱ्या वर्षी," एवढंच नेहमीच्या आवाजात म्हणा. आधी दोनचारदा म्हणून बघा. मीही वाटेत तेच करणार आहे.