डॅडचं इंजिन आणि तीनशे ब्याण्णव

लायमा, ओहायो
रविवार, १४ ऑक्टोबर २०१२

प्रिय लाइल,

इकडे सगळे बरे आहोत. मका काढून झाला. आईने सफरचंदाचा मुरांबा घातलाय, तुझी बरणी वेगळी ठेवलीय.

तुझ्या गॅरेजमधल्या कालच्या जत्रेबद्दल लिहिणार नव्हते. पण सकाळपासून तोंडाची चव गेलीय.

अख्खा हिवाळा आपल्या डॅडनी थरथरत्या हातांनी ते इंजिन बांधलं. चारशे हॉर्सपॉवर धरली होती त्यांनी. तू त्यांची गाडी ताकद मोजायच्या यंत्राच्या रोलरवर चढवलीस, चाकं गरगरली आणि पडद्यावर आकडा आला तीनशे ब्याण्णव! लोकांनी टाळ्या पिटल्या. तू त्यांच्या पाठीवर थाप मारलीस, "काय म्हातारबा, अजून दम आहे की!"

डॅड हसले नव्हते. ते वाकून मागच्या अ‍ॅक्सलला हात लावत होते. चटका बसला त्यांना.

घरी येताना म्हणाले, "नेडीन, चारशेतले तीनशे ब्याण्णव चाकांना पोचले? मग वाटेत ताकद खाणारे गिअरबॉक्स, शाफ्ट, अ‍ॅक्सल, सगळ्यांनी उपास धरला होता? तापले कशाने मग?"

"इंजिनच जास्त ताकदीचं असेल," मी म्हटलं.

"इंजिन मी बांधलंय. चाकाला तीनशे तीस मिळाले तरी खूप."

त्यांना सोडून मी गॅरेजमध्ये परत आले. तू बाहेर सॉसेज भाजत होतास, तेवढ्यात मी यंत्र तपासलं. त्या दिवसाचं हवामान यंत्राला सांगावं लागतं, मग ते आकडा दुरुस्त करून दाखवतं; विरळ, तापलेल्या हवेत इंजिन कमी पडतं म्हणून वाढवून. आम्ही स्वेटर घालून कुडकुडतोय आणि तू त्याला सांगितलंस, डोंगरमाथ्यावर आहोत आणि वाळवंटासारखं ऊन आहे! मी यंत्रात खरं हवामान भरलं. तीनशे एकतीस आले.

शिसारी आली, लाइल. रडक्या पोराच्या हातावर गोळी ठेवावी तसा बापाच्या हातावर आकडा ठेवलास! वर चेहरा उपकार केल्यासारखा.

आता जे लिहायचं टाळत होते ते. डॅडनी इंजिन खोलायला घेतलंय. "खरा आकडा लाजिरवाणा असणार, म्हणून तर पोराने झाकला," म्हणतात. मी धावत जाऊन तीनशे एकतीस सांगितले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तीनशे तीस म्हटलं म्हणून ना? तूही दयाच करतेस."

त्यांचा हिशोब बरोबर होता, आणि आता तू कबूल केल्याशिवाय ते त्यांना कुणीच पटवू शकत नाही. ये आणि स्वतःच्या तोंडाने सांग. पाना अजून त्यांच्या हातात आहे.

तुझ्यामुळे खोटी ठरलेली,
नेडीन