अर्जावरचा काळजीवाहक

दादा,

सहाला आईची कूस बदलली, सातला अंग पुसलं, आठला भरवून गोळ्या दिल्या. नऊला काळजीवाहक भत्त्याच्या चौकशीला सरकारी बाई आल्या. आईची काळजी घेणारा म्हणून हा भत्ता वर्षभर तू घेतो आहेस, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "ही होय? ही घरीच असते."

अर्जावरची तुझी सही मी खोटी पाडली नाही. ती खरी करणं आता तुझ्याकडे.

तू जेवायला येईपर्यंत शेजारच्या काकू बसतील. पुढे दर दोन तासांनी कूस बदलायची असते.

इस्पितळातल्या ज्या आयाच्या कामाला मागे नाही म्हटलं होतं, त्यावर मी आजपासून रुजू होते आहे. काम हेच आहे; फक्त तिथे हजेरीपटावर माझं नाव आहे.