डोक्याचा फोटो

२ डिसेंबर १९९६, पाटोदा
डोकं दुखतंय. दुकानातल्या बरणीतल्या दोन गोळ्या चहाबरोबर घेतल्या. ह्या शेवटच्या. उद्यापासून बंद म्हणजे बंद.

३ डिसेंबर
एक घेतली. दुकानात गर्दी होती, नाइलाज झाला.
शेजारच्या केसरबाईच्या जावयाचा सीटी स्कॅन केला, डोक्यात गाठ निघाली. त्याचंही डोकंच दुखत होतं. माझंही डोकंच दुखतं. आता वेगळं काय सांगायचं?

५ डिसेंबर
डॉक्टर अर्जुनराव म्हणाले, अप्पा, कित्येक वर्षं एकाच तऱ्हेनं दुखतंय. नजर, चाल, बोलणं ठीक आहे. फोटोत काही निघणार नाही. गोळ्या किती खाता? मी म्हणालो, अधूनमधून.
जुन्या काळचे डॉक्टर. जग कॉम्प्युटरवर गेलं, हे अजून नाडीवर. पोराला, महांतेशला, एसटीडी बूथवर पाठवून स्कॅनसाठी औरंगाबादची १२ तारीख घेतली.

६ डिसेंबर
अडचण. १२ लाच बीडला मोतीबिंदूचं फुकट शिबिर. बायकोचं, बसम्माचं, नाव दिलेलं. जीप एक, मुलगाही एकच. तिला समजावलं, डोळे डोक्यातच असतात, आधी डोकं बघू. ती म्हणाली, बरं. समजूतदार बाई.
सून शिवांजली मात्र म्हणाली, मामा, सासूबाईंनी काल भाजीत मिठाऐवजी सोडा टाकलाय. ती भाजी मी खाल्ली होती. मला कळलं नाही. हेही गाठीचंच लक्षण.

९ डिसेंबर
माझ्या गाठीचं गावभर झालं. माणसं भेटायला येतात, हळू बोलतात. बरं वाटतं.
आम्हा लिंगायतांत बसवून मूठमाती देतात, म्हणून मळ्यात जागा बघितली. मांडी घालून बसून पाहिलं. पाय आखडले. महांतेशनं बगलेत हात घालून उठवलं. म्हणाला, अप्पा, सरका, ह्या सरीला पाणी सोडायचं हाय.

१२ डिसेंबर, औरंगाबाद
मशीनवाला म्हणाला, गळ्यातलं काढा. मी म्हणालो, इष्टलिंग हाय, जीव गेला तरी अंगावेगळं करणार न्हाई. तो म्हणाला, मग पोटावर सरकवा. भांडणाची लई तयारी केली होती, वाया गेली.
मोठे डॉक्टर म्हणाले, मेंदू स्वच्छ. रोज गोळ्या खाऊनच डोकं दुखतं. बंद करा, आधी जास्त दुखेल, मग उतरेल. गोळ्या किती, ते मी सांगायच्या आत महांतेशनं सांगितलं. बरणीसुद्धा सांगितली.
बाहेर येऊन म्हणालो, मशीन जुनं असेल. महांतेशनं जीप सुरू केली.

१४ डिसेंबर
दुकानात जुना दोस्त म्हाळू सगळ्यांसमोर म्हणाला, काहून बे ईश्वरप्पा, एवढं मोठं मशीन लावून डोक्यात काईच न्हाई निघालं? लोक हसले. मीही हसलो.
शिबिर आता पुढच्या थंडीत.
संध्याकाळी बसम्मानं फोटो मागितला. खिडकीच्या उजेडात डोळ्याला लावून धरला. म्हणाली, अवो, ह्यात काय हाय? म्हणालो, काई न्हाई. म्हणाली, मंग ठीक हाय. मलाबी तेवढंच दिसतंय.
सकाळपासून डोकं फुटतंय. बोललो नाही.