प्रिंटरला दिलेलं नाव

बाबा,

काल घरात आलं ते असं: जुना प्रिंटर, सातशे. त्याची केबल, साठ. कागदाचा गठ्ठा, एकशे दहा. नारळ, बारा, तो देवाच्या खात्यावर टाकला. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलं नाही, रिछाईच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते आणि घरी पनागरच्या शिकवणीवर्गाचे पेपर टाइप करते. आता वर्गवाल्यांना ते छापूनच हवेत, नाहीतर ते दुसरीकडे जाणार. प्रिंटर मात्र ढिम्म. दुकानदार म्हणून गेला, "दीदी, शाम तक चला तो आपका, वरना वापस."

दुपारी पोरीचा कारखान्यातून फोन. म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक यंत्राची एक फाइल असते, तिच्यात घातलेलं यंत्रापर्यंत पोचतं. प्रिंटरची ती फाइल जुन्या फाइली पुसताना उडाली, तूच बनव. मी मॅट्रिक, मी काय बनवणार! "काहून घाबरून राहिली आई? मी सांगते तसं लिही." एका हातात रिसीव्हर, दुसऱ्याच्या एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं. यंत्र म्हणालं, असा हुकूमच नाही. "आई, नेमकं काय लिहिलं?" "तू सांगितलं तेच. आधी फक्त श्री." पोर हसून बेजार. "अगं, ही तुझी हिशेबाची वही आहे का? काढ ते." देवाचं नाव खोडायला बोट धजेना. "अच्छा, मनात म्हण," म्हणाली, तेव्हा खोडलं.

पुन्हा सुरू. एमकेनॉड, म्हणजे फाइल बनवायचा हुकूम, मग फाइलचं नाव, मग सी, सहा, शून्य. "नाव काय देऊ?" "काहीही दे. यंत्र नावावर नाही, आकड्यांवर ओळखतं. सहा म्हणजे प्रिंटरची जात, शून्य म्हणजे त्यातला पहिला."

तिथे मी थांबले. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहून राहिले आहेत, मी रडते आहे, आणि तुम्ही कानाशी वाकून म्हणता, "त्यांना ठेवायचं ते ठेवू दे. मी जुन्याच नावानं हाक मारीन, तू ओ दे." शेवटपर्यंत मारलीत. माहेरी दुसरं कोणी नव्हतंच. तुमच्यानंतर ते नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मी तेच लिहिलं. मग पोरीने सांगितलं तसा पेपर त्या नावाला पाठवला, आणि प्रिंटर करकर करत छापू लागला.

दुकानदार पैसे घेऊन गेला. घरी आल्यावर पोरीने पडद्यावरचं नाव वाचलं. "ही कोणती देवी, आई?" मी म्हटलं, "आहे एक, माहेरची." खरं सांगायला लाज वाटली, बाबा. हे पत्रही पेटीत टाकणार नाही, पोथीत ठेवीन. तरी इतक्या वर्षांनी त्या नावाला ओ मिळाली, ती तिकडे ऐकू आली का, तेवढं उलट टपाली कळवा.