घुब्र्याची मिरची आणि माझं नाक

३ एप्रिल

मिरची उतरवली. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे गोणींत लावलेली सगळी झाडं आज रिकामी केली. बी वसईचं, ताईने दिलेलं. यंदा पहिल्यांदाच मसाल्यापुरती मिरची घरची निघाली, म्हणून माझी बायको जसिंता सकाळपासून खुशीत. टोपली माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, वास बघा. हुंगल्यासारखं केलं. काही नाही.

ती तोंडाकडे बघत होती. मग टोपली घेऊन खाली गेली. 

जानेवारीत ताप आला तेव्हापासून नाक बंद. सर्दी गेली, ताप गेला, नाक काही आलं नाही. एवढी वर्षं हॉटेलात करी करतोय आणि आता लसूण जळतोय की लाल होतोय ते फक्त डोळ्यांनी कळतं. जिभेला मीठ, आंबट, तिखट समजतं. बाकी सगळं सपाट.

हॉटेलात कोणाला सांगितलेलं नाही.

४ एप्रिल

मिरची गच्चीवर ताडपत्रीवर पसरली. आईची पद्धत, अंगणात घाला आणि विसरा. ऊन चांगलं आहे.

री.ने विचारलं, "पप्पा, शॉपमध्ये रेडी पावडर मिळते ना?" पोरगी इथे आखातात, घुब्र्यात वाढली, तिची चूक नाही. सांगितलं, मे महिन्यात आमच्याकडे बाटलीचा मसाला होतो, वर्षभराचा. ब्राऊन बाटलीत काठीने ठासून भरायचा. तिने "ओके" म्हटलं आणि कानात परत ती वायर घातली.

७ एप्रिल

सत्यानाश. वरची मिरची पांढरट पडली. पिकलेल्या केसांसारखी. इथलं ऊन अंगणातलं नाही हे मला कळायला हवं होतं. गच्चीचं सिमेंट खालून भाजतं, वरून सूर्य. त्यात संध्याकाळी समुद्राकडून दमट हवा येते आणि दिवसभर वाळलेलं परत मऊ पडतं. रात्री झाकायचं विसरलो होतो. वर धूळ.

चांगली निवडून खाली आणली. ज.ने प्रत्येक मिरची फडक्याने पुसली. पांढरी पडली ती वेगळी, भाजीला.

१० एप्रिल, शुक्रवार

नवीन युक्ती. मिरच्या सुईदोऱ्यात ओवून माळा केल्या आणि री.च्या खोलीत पडद्याच्या दांडीला टांगल्या. अंधार ठेवायचा, एसी चालू. एसी हवेतलं पाणी ओढतो, हे मी कोल्ड रूममध्ये रोज बघतो. री. वैतागली. तिचं अंथरूण हॉलमध्ये. ज. म्हणाली, मुलीला घराबाहेर काढलं आणि मिरचीला एसी लावला, हे गावाला सांगू नका.

चर्चमधून आलो तर जिन्यात वॉचमन उभा. तिसरा माळा पूर्ण खोकतोय, म्हणाला, क्या पकाते हो भाय. बंद खोलीत मिरची टांगलीय हे त्याला दाखवलं तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. त्याला काय वाटलं होतं देव जाणे. जाताना मूठभर पांढरी मिरची घेऊन गेला.

पूर्ण माळा खोकतोय आणि ज्याच्या घरात मिरची त्यालाच वास नाही.

१३ एप्रिल

संध्याकाळच्या बुफेसाठी फिश करी माझ्याकडे. नारळाचं दूध घातलं, ढवळलं, चव घेतली, मीठ बरोबर. बाजूच्या शेगडीवर रशीदभाय होता. दापोलीचा, माझ्याबरोबरचा जुना माणूस. त्याने माझ्या हातातली पळी धरली.

"इनासभाय, दूध उतरलाय ह्यो. वास नाय येत तुला?"

मी म्हटलं, येतो की. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पातेलं उचललं, सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला. शेफला सांगितलं, माझ्या हातून सांडलं. शेफ तुर्की आहे, मिशा मोठ्या, दया कमी. रशीदभायला चांगलं सुनावलं.

पार्किंगमध्ये त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आजपासून माझी शेगडी तुझ्याशेजारी. मी मान हलवली की वाढायचं, नाक चोळलं की थांबायचं. यल्ला, खलास. चल, झालं.

ओरडा त्याने खाल्ला, चूक माझी होती.

१६ एप्रिल

शेफने बोलावलं. वाटलं, कळलं. पण उलटंच. हॉटेलमालकाला नवीन इंडियन काउंटर हवाय, वसईची-कोकणची करी, काउंटर माझ्याकडे. मेअखेर मालक स्वतः चाखायला येणार. "युअर मदर्स मसाला," शेफ म्हणाला. मागे स्टाफच्या जेवणात मी बाटलीचा मसाला घातला होता, तो त्याच्या लक्षात राहिला. मी हो म्हटलं. काय म्हणणार?

कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतं. री. दहावीला बसतेय. काउंटर मिळाला तर राहायचं, नाही मिळाला तर शाळेच्या मध्यातून पोरगी उचलून वसई. आणि मालकासमोर चमचा तोंडात घालून "थोडे धणे कमी पडलेत" असं सांगायचं कसं, जेव्हा धणे आहेत की भुसा हेच कळत नाही.

ज.ला सांगितलं. ती आधी खूश झाली. मग तिने माझ्या नाकाकडे बघितलं.

१७ एप्रिल

नाकाच्या डॉक्टरकडे. बाई चांगली आहे, घाई करत नाही. आत सगळं साफ, म्हणाली, नस झोपलीय, उठेल किंवा उशिरा उठेल. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगायचं. मनात वास आठवत हुंगायचं, नुसतं नाक खुपसून उपयोग नाही.

ज. रिक्षावाल्याशी घासाघीस करावी तसं तिच्याशी बोलली. लवंग चालेल तर मिरची का नाही? डॉक्टर हसली. म्हणाली, जे आवडतं ते.

२० एप्रिल

मिरची वाळली. हातात घेतली की कुरकुरते, बी आत वाजतं. आधी मी नाकाने ठरवायचो. कच्चा हिरवट वास जाऊन गोडसर येतो, मनुकांसारखा, तेव्हा उचलायची. आता कानाने ठरवली. देठ ठेवले, मसाल्याच्या दिवशीच काढायचे.

लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरण्या धुऊन, पुसून, वाळवून भरल्या. तीन भरल्या. कपाटात, अंधारात. मे मध्यावर भाजायची, तोवर मुरू दे.

ब्राऊन बाटल्यांची सोय रशीदभायने केली. बारमधून रिकाम्या बियरच्या बाटल्या, सिक्युरिटीला सांगून. दोन बोटांत धरून आणल्या. म्हणाला, अल्ला माफ करेल, मसाल्यासाठी आहेत.

२२ एप्रिल

बरणीच्या काचेला आतून घाम.

बाहेरून वाळली होती, आत ओल होती, ती आता बाहेर येतेय. ज.ने ताईला फोन लावला. ताई म्हणाली, रोज झाकण काढ, हवा दे, हलव, परत लाव. घाम येईनासा झाला की मुरली समज. आईसुद्धा पावसाळी हवा असली की असंच करायची म्हणे, मला आठवत नाही.

चला. तेही करू. नाहीतरी रोज काहीतरी हुंगायचंच आहे.

२३ एप्रिल

झाकण काढलं, नाक घातलं, शिंका. एकामागून एक. डोळ्यांतून पाणी. मी ओरडलोच, आलं, नाक आलं! ज. धावत आली, हातातलं पीठ माझ्या शर्टाला. री.ने कानातलं काढलं. तिघंही वेड्यासारखे हसलो.

दुपारी डॉक्टरला फोन केला. म्हणाली, शिंक म्हणजे वास नाही. मिरची झोंबते ती वेगळ्या नसेला. वास आला का? गोड, आंबट, कसा?

नाही आला.

ज.ला सांगायला संध्याकाळ लागली. ती म्हणाली, शिंक तरी आली. परवा तीही नव्हती. हिच्याशी कोण वाद घालणार.

२९ एप्रिल

रोजचं चालू आहे. लवंग: नाही. लिंबू: नाही. गुलाब: नाही. निलगिरी: थंड लागते, वास नाही. बरण्या: शिंका.

आता री. घेते माझी परीक्षा. डोळ्यांवर रुमाल बांधते, नाकाखाली काहीतरी धरते. कॉफी, साबण, तिचा बूट. "पप्पा, गेस." सगळं चुकलं. बूट न ओळखल्याबद्दल तिने मला मिठी मारली. मराठीत म्हणाली, "होईल. स्लो स्लो होईल." तिचं मराठी अडखळतं, पण हे सरळ निघालं.

५ मे

काचेवरचा घाम गेला. पहिली आणि दुसरी बरणी कोरडी. तिसरीत जरासा, झाकणाच्या कडेला. रंग सुरेख आलाय, गडद. ज. म्हणाली, ह्या वासानेच मला आईचं अंगण दिसतं. मग जीभ चावली. मी म्हटलं, सांगत जा. मला हुंगता येत नाही, ऐकता येतं.

तर तिने सांगितलं. गोड आहे, म्हणाली, खाली थोडा तंबाखूसारखा, आणि सगळ्यात शेवटी उन्हाचा. उन्हाचा कसा असतो विचारलं. वाळत घातलेली चादर आत आणतो तेव्हा येतो तो. मला आठवला. डॉक्टरने सांगितलं तसं आठवत हुंगलं.

शिंका.

८ मे, शुक्रवार

रशीदभाय जेवायला. बोंबलाचं कालवण केलं, ज.ने चव घेऊन. तो म्हणाला, शेफला आपण होऊन सांग. मालकासमोर मी कुठे उभा राहून नाक चोळणार? त्याचं बरोबर आहे. पण सांगितल्यावर काउंटर दुसऱ्याला जाणार हेही बरोबर आहे. ज. त्याच्या बाजूची. मला राग आला. ह्या वयात दोघांनी मिळून शिकवायची वेळ आली का. ताट ठेवून उठलो.

नंतर परत बसलो. बोंबील चांगले झाले होते म्हणे.

१४ मे

उद्या मिरची भाजायची म्हणून शेवटची हवा द्यायला बरण्या काढल्या. पहिली: शिंका. दुसरी: शिंका. तिसरीचं झाकण काढलं आणि मान मागे घेतली.

शिंक नव्हे. घाणेरडं काहीतरी. ओलं पोतं, बंद खोली, तळघर, असलं. मला वाटलं डोक्यात आहे. परत नाक घातलं. आहे. ज.ला हाक मारली.

"काही नाही," ती म्हणाली. "मिरचीचाच आहे, चांगला आहे."

री.ला बोलावलं. तिलाही काही नाही. मी म्हटलं, मातट येतोय, सडका. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या, आजारी माणसाच्या उशाशी बघतात तसं. आजारानंतर खोटे वासही येतात, हे डॉक्टरने त्यांनाही सांगितलं होतं.

बरणी परातीत उलटी केली. एकेक मिरची देठाशी मोडायला घेतली. चांगली. चांगली. चांगली. ज. म्हणाली, पुरे आता. मी मोडत राहिलो. आणि मग एक मोडली तर देठाच्या बुडाशी, आत, बियांवर पांढरट कापूस. बुरशी. मग तशी अजून एक, अजून काही. बाहेरून सगळ्या देखण्या, कुरकुरीत. एसीने साल वाळवली होती, देठ वाळलाच नव्हता.

ज. खाली बसली. परातीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "आमच्या आधी तुम्हाला आला," म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायला लागली. मिरचीचा हात होता, तर आणखी झोंबलं. री. पाणी आणायला पळाली.

तिसरी बरणी सगळी गेली. वर्षाचा मसाला कमी झाला आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून हसतोय.

१५ मे, शुक्रवार

मिरची भाजली, दोनच बरण्यांची. आधी प्रत्येक देठाशी मोडून बघितली, सगळी चांगली. पण त्यांचा वास मला आलेला नाही. म्हणजे काल आलेला एवढा एकच. डॉक्टर म्हणाली, बऱ्याच वेळा आधी घाण वास परततात, चांगले मागून येतात. बऱ्याच वेळा, म्हणजे नेहमी नाही. विचारलं नाही.

री.ने काठीने मसाला ठासला. पहिल्यांदाच. बाटली फोडेल वाटलं होतं, नाही फोडली.

१९ मे

एक बुरशी लागलेली मिरची मी टाकली नाही. औषधाच्या छोट्या बाटलीत बूच लावून ठेवलीय. ज.ला किळस येते, बाल्कनीत ठेवा म्हणते. रोज लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी झालं की तिचं बूच काढतो. काल वास होता. आजही आहे.

लवंगेला आज काहीतरी झालं. वास म्हणणार नाही. खात्री नाही. ज.ला अजून सांगितलं नाही.

२१ मे

उद्या मालक चाखायला येणार. सकाळी ड्युटीवर गेलो की आधी शेफच्या केबिनमध्ये जायचं. जानेवारीपासूनचं सांगायचं, नारळाच्या दुधाची करी सिंकमध्ये कोणी ओतली आणि का, तेही. काउंटर दिला तर चव रशीदभाय बघेल, हात माझा असेल. नाही दिला तर नाही. ज.ने डब्याबरोबर मसाल्याची बाटली पिशवीत ठेवली, कागदात गुंडाळून.

औषधाची बाटली मी शर्टाच्या खिशात घातली. शेफने विचारलं की वास अजिबात येत नाही का, तर बूच काढून त्याला दाखवीन काय येतं ते.