साखरपुड्याआधीची चढाई

प्रिय रश्मीताई,

तुझा फोन भाऊजी उचलतात, म्हणून हे पत्र. आमच्या संघातली करिश्मा तिच्या मावशीकडे तुमच्या जिवती गावाला चालली आहे, तिच्या हाती देते आहे. वाचून फाडून टाक.

मी घरी नाही. मंगळवारपासून ब्रह्मपुरीत सुगंधाबाईंकडे राहते आहे, आमच्या कबड्डीच्या मॅडमकडे. तुझ्या सासरचे लोक निकेशसाठी मला पाहायला आले, त्या दिवशीचं तू ऐकलंच असशील. चहाचा ट्रे ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मले आत्ता लगन नाई करायचं. मले खेळायचं आहे." तुझा दीर माणूस वाईट नाही गं, मान खाली घालून बसला. पाहुणे गेल्यावर माझे बूट आणि सात नंबरची जर्सी बाबांनी उचलली आणि चुलीत घातली. रबराच्या धुरानं माय खोकत होती, रडत होती, पण उठली नाही. हेच बाबा आठवीत मी फायनल जिंकले तेव्हा मला खांद्यावर घेऊन गावभर फिरले होते.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीतल्या चिखलातून घरी येताना तू माझी पकड करायचीस आणि मी सुटून पळायचे. तू माझ्याहून चांगली खेळायचीस. बारावीत तुझं नाव जिल्ह्याच्या संघात आलं आणि त्याच महिन्यात तुझं लग्न झालं. तू हसत गेलीस. मला वाटलं, तुला चालतंय.

एक सांगू? मी चोरून सरावाला जाते हे बाबांना तूच सांगितलंस, म्हणूनच त्यांनी माझ्या लग्नाची घाई केली. मायनं मला सांगितलं. दोन दिवस तुझा फार राग आला. मग वाटलं, मी तुझी जाऊ म्हणून आले तर त्या घरात तुला आपलं कुणी मिळेल, म्हणून केलंस ना? इतकी एकटी आहेस का तू तिथं?

आता मुद्द्याचं लिहिते. राज्याच्या संघाची निवड रविवारी दुपारी चंद्रपूरला आहे. मला अठरा व्हायला चार महिने आहेत, अर्जावर घरच्या मोठ्या माणसाची सही लागते. पहिला अर्ज बाबांनी फाडला. दुसऱ्यावर माय अंगठा देणार होती, बाबांचं तोंड पाहून तिनं हात मागे घेतला. बाई म्हणतात, सख्ख्या मोठ्या बहिणीची सही चालेल, पण समोर येऊन. तू आलीस तर घरी तुझं काय होईल, मला कळतं. तरी मागते आहे, कारण दुसरं कुणी उरलं नाही. रविवारी सकाळी दहाला चंद्रपूरच्या बसस्टँडवर जिवतीची गाडी लागते तिथं मी उभी राहीन. आलीस तर निवड आटोपल्यावर परतीच्या गाडीत मी तुझ्यासोबत बसेन, तुझ्या घरापर्यंत येईन. तुझ्या सासरच्यांना जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोलू दे.

तुझीच,
नीलिमा