जी, तीन तारांवरचा

७ नोव्हेंबर, निमोणे
टाके निघून महिना झाला. डावी करंगळी अर्धीच उरलीय. आज पहिल्यांदा गिटार मांडीवर घेतली. एफ कॉर्ड लागत नाही. पहिलं बोट आडवं धरून पुढं तीन बोटं लागतात, त्यातलं एक गेलं.
आबा ओसरीवर होते. त्या दिवशी चारा कापायच्या कडबाकुट्टीचं बटण त्यांनीच दाबलं होतं, माझा हात आत होता ते दिसलं नाही. त्यावर आम्ही बाप-लेक बोलत नाही.
मी शिकवते त्या शाळेचं गॅदरिंग दीड महिन्यावर. गाणी मी बसवणार का, हेडबाई विचारतायत.

१० नोव्हें.
शिरूरहून एसटीनं दौंड. सरांकडे. कॉलेजात असताना गिटार त्यांनीच शिकवली, आता रेल्वेतून रिटायर. हात बघून म्हणाले, "सहाच्या सहा तारा वाजवायच्या असं कुणी सांगितलं? कॉर्ड तीन सुरांची असते. बारीक तीन तारा घे."
जी कॉर्डचे सूर जी, बी, डी. तीन तारा, तीन बोटं. जी लागला!

१२ नोव्हें.
तेच तीन सूर दांडीवर तीन जागी. बाराव्या फ्रेटशी, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या घरात, जी तळाला, चौथ्याशी बी, सातव्याशी डी. सर याला इन्व्हर्जन म्हणतात. सूर तेच, मग असं वेगळं का वाटतं? बी तळाला असला की कुणीतरी घरातून निघाल्यासारखं. डी तळाला असला की... ठरत नाही.

१५ नोव्हें.
सातव्याशी जी धरून शेजारीच सी सापडला. एक सूर जागचा हलत नाही, बाकीचे दोन जरासे सरकतात. इतकी वर्षं मी उगाच उड्या मारत होते.

१९ नोव्हें.
आबा भजनात पेटी वाजवायचे. अपघातापासून हात लावलेला नाही. आज ओसरीवरूनच म्हणाले, "ह्यो मगाचाच हाय ना? सा ग प. आता ग खाली घेतलास."
"कसं ओळखलंत?"
"कान हायेत की."

२३ नोव्हें., रविवार
आबांनी आपणहून पेटी काढली. पांढरी पाचला, म्हणजे जीलाच, सा धरला, माझ्यामागोमाग तिन्ही जागा वाजवल्या. मधेच थांबले.
"म्या बघून बटण दाबाया पायजे व्हतं."
"मीही ओरडून सांगायला हवं होतं, आबा."
नुसताच भाता ओढत राहिले. सूर नाही.
मग म्हणाले, "ग उतरव बरं, कोमल कर."
चौथ्या फ्रेटवरचं बोट एक घर मागं आणायचं, एवढंच. पण मग तिन्ही सूर तिसऱ्या फ्रेटवर एका ओळीत आले. एकच बोट आडवं टाकलं. जी मायनर.
"एकाच बोटात?"
"हो, आबा."
उठून जवळ आले. माझा डावा हात हातात घेऊन बघत बसले, पहिल्यांदाच. मग विचारलं, "आन् ह्यो सुद्दा तीन जागी घावंल का?"
माहीत नाही म्हटलं. दोन जागा सापडल्या, तिसरी दोघं मिळून अजून शोधतोय. हेडबाईंना उद्या गाणी बसवते म्हणून सांगायचंय, पण आधी ही तिसरी जागा.